शिडी धरणारे हात

उंचावर चढलेल्या माणसाकडे जगाचे लक्ष चटकन जाते. आग लागली म्हणजे जमलेल्या गर्दीचे डोळे छपरावर उभ्या असलेल्या तरुणावर खिळतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही त्याचेच येते. शिडीच्या पायथ्याशी मान वर करून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिलेला माणूस मात्र त्या छायाचित्रात नसतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही काही जण गेली अनेक वर्षे गरजेपोटी आगी विझविण्याचे काम करीत आलो आहोत. त्या अनुभवातून आमचे एक मत बनले आहे आणि ते वाचकांपुढे मांडावे, असे वाटते. उंचावरचे काम चढणाऱ्या एकट्याचे कधीच नसते. ते प्रथम खाली उभे राहणाऱ्यांचे काम असते.

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे सांगणे आवश्यक आहे. आमच्यात शेतकरी आहेत, एक शाळामास्तर आहेत, एक किराणा दुकानदार आहे, महाविद्यालयात जाणारी दोन मुले आहेत आणि जिनिंगमध्ये उभे आयुष्य काढलेले एक वृद्ध मिस्त्रीकाका आहेत. आमच्या मंडळाला नाव नाही, गणवेश नाही, पावतीपुस्तक नाही. अग्निशमनाची गाडी तालुक्याच्या गावाहून यायची असते. दूरध्वनी केला की ती निघते, यात शंका नाही. परंतु रस्ता चांगला असला तरी तिला यायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात आग गावाच्या हाती असते आणि गाव आगीच्या हाती. तेवढ्या वेळापुरते आम्ही.

कोणी म्हणेल, यवतमाळसारख्या कापसाच्या मुलखात उंची ती कसली? येथे ना मुंबईसारखे मनोरे, ना कारखान्यांची धुराडी. प्रश्न रास्त आहे. पण पाच मीटर उंचीवरून निसटलेला माणूस सुमारे एका सेकंदात जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या घरात असतो. पाच मीटर म्हणजे जिनिंगच्या शेडचे छप्पर. ‘अरे, अरे!’ म्हणेपर्यंत सारे संपलेले असते. मृत्यूला विसाव्या मजल्याची गरज नसते.

आमच्याकडच्या उंच जागा वाचकांना ठाऊकच आहेत. जिनिंग-प्रेसिंगच्या शेड आणि अंगणातील कापसाच्या गंज्या. गावोगावच्या पाण्याच्या टाक्या, ज्यांवर संतापलेला एखादा शेतकरी कधी आंदोलनासाठी चढून बसतो. आणि पुराच्या वेळी घरांची छपरे. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागविण्याची वेळ आली होती. अशा दिवशी छप्पर हीच माणसाची शेवटची जमीन असते.

या सर्वांत आमचा अधिक संबंध आला तो कापसाच्या आगीशी. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत जिनिंग धडधडत राहतात. कापसातून सरकी वेगळी होते, रुई निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. कापसाबरोबर आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर घासला, एखादे बेअरिंग तापले, की ठिणगी पडायला तेवढे पुरते. कापसाच्या आगीचा स्वभाव कपटी असतो. प्रथम ती गंजीच्या पृष्ठभागावरील तंतूंवरून सरसर पळते. पाणी मारले की वरून विझल्यासारखी दिसते, पण आत उतरून धुमसत राहते. वरचा ओला थर पाण्याला आत शिरू देत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वारा लागला की ती पुन्हा डोके वर काढते. म्हणून गंजी फोडल्याशिवाय आग विझली, असे म्हणता येत नाही. तरुणांना नेमका येथेच मोह होतो. गंजीवर चढावे आणि वरून कापूस खाली ओढावा, असे त्यांना वाटते. परंतु आतून जळत गेलेल्या गंजीच्या पोटात पोकळी झालेली असते. वर पाय ठेवणारा माणूस कमरेपर्यंत, कधी त्याहून खोल, निखाऱ्यात जातो. जळती गंजी बाजूने फोडायची, कडेकडेने ओढायची, यंत्र मिळाले तर यंत्राने पसरायची, पण तिच्यावर चढायचे नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम छपराचा. तो आम्हांला मिस्त्रीकाकांनी शिकविला. त्यांची भाषा आमच्या वऱ्हाडी मातीतली. ते म्हणत, “पत्रा म्हंजे जमीन नाही, बापा. बोल्टची रांग दिसते ना? तिच्याखाली लोखंड हाये. बाकी सारी हवा हाये.” पत्र्यांच्या शेडवर जावेच लागले तर बोल्टच्या रांगेवर, म्हणजे खालच्या लोखंडी आधारावर पाय पडला पाहिजे, त्याहून चांगले म्हणजे आधारांवर फळी किंवा आडवी शिडी टाकून तिच्यावरून सरकले पाहिजे. सिमेंटचे पत्रे मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने ठिसूळ झालेले असतात आणि आगीच्या आचेने ते तडतडून फुटतात. उजेडासाठी मध्ये मध्ये बसविलेले पारदर्शक पत्रे तर धूळ साचल्यावर इतर पत्र्यांसारखेच दिसतात. खाली आग असलेल्या सिमेंटच्या छपरावर बोल्टची रांगही विश्वासाची नाही. तेथे जायचेच नाही.

शिडीचेही तसेच. आमच्याकडे तिला निसणी म्हणतात आणि प्रत्येक घरी ती असते, म्हणून ती सर्वांना येते असा समज आहे. शिडी भिंतीला चार हात उंचीवर टेकली असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर हवा. अधिक उभी केली तर ती माणसासह मागे येते, अधिक पसरली तर पाय घसरतो. छपरावर उतरायचे असेल तर शिडीचे निदान तीन पायटे कडेच्या वर आले पाहिजेत, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही राहते. चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन अवयव सदैव शिडीवर हवेत. साहजिकच हातात बादली घेऊन चढता येत नाही. बादली मागाहून दोराने घ्यावी. पाण्याने भरलेला नळ शिडीवरून नेऊ नये. पाणी सुटताच नळ मागे ढकलतो आणि तो धक्का शिडीवरच्या माणसाला पुरेसा असतो. सर्वांत आधी वर पाहावे, कारण विजेच्या तारा रात्री दिसत नाहीत आणि ॲल्युमिनियमच्या शिडीला त्या बरोबर सापडतात.

दोराविषयी दोनच शब्द. विहिरीवरचा नायलॉनचा दोर पाण्यात टिकतो, आगीजवळ वितळतो. कमरेला दोर बांधून लटकणे हा सिनेमातील प्रकार आहे. झटका बसला की तो दोर पोटात रुततो. खांदे, छाती व मांड्या यांना एकत्र आधार देणारा पूर्ण अंगाचा पट्टा हवा आणि तो अडकविण्याची जागा माणसाच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक ओढ सोसणारी हवी. तथापि पट्ट्याने पडता पडता वाचलेला माणूस अधांतरी निश्चल लटकत राहिला, तर काही मिनिटांतच पायांत रक्त साचून त्याची शुद्ध हरपू शकते. म्हणजे वाचलेल्यालाही कोणीतरी लगेच खाली उतरवावेच लागते. पट्टा कितीही उत्तम असला तरी खालच्या माणसाची गरज संपत नाही.

ही गोष्ट आम्हांला पुस्तकाने शिकविली नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका गोदामाला आग लागली. आम्ही मदतीला निघालो. पोहोचलो तेव्हा आग जवळजवळ विझली होती आणि बावीस वर्षांचा एक मुलगा गोदामाच्या फरशीवर पडला होता. तो भिंतीवरून छपरावर चढला होता, दोन बादल्या त्याने ओतल्याही होत्या आणि तिसरी घेण्यासाठी वळताना त्याचा पाय पारदर्शक पत्र्यावर पडला. मुलगा वाचला, पण कमरेखालचे शरीर गेले. पुढे त्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणे सारे यथासांग झाले. ‘गावाचा वाघ’ असे त्याला म्हटले गेले. वाघ खाटेवर पडून ऐकत होता.

आम्ही त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या आईने चहा दिला आणि सहज विचारावे तसे विचारले, “भाऊ, तो वर गेला तवा खाली कोन होतं?”

आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. खाली सारे गाव होते. शे-दीडशे माणसे होती. कोणी ओरडत होते, कोणी बादल्या देत होते, कोणी त्याला शाबासकी देत होते. ‘बापू, तिकडे जाऊ नकोस, तो पत्रा कच्चा आहे’ असे सांगण्यासाठी नेमलेला एकही माणूस नव्हता. त्या माउलीच्या प्रश्नात आरोप नव्हता, म्हणूनच तो आमच्या मनातून गेला नाही.

परत येताना आम्ही ठरविले आणि आजवर पाळले. आमच्यातील कोणीही वर जायचे झाले तर आधी त्याचा ‘खालचा माणूस’ नावानिशी ठरतो. त्याने दुसरे कोणतेही काम करायचे नाही. शेजारी कितीही गोंधळ झाला तरी शिडी सोडायची नाही. वरच्याला धुरात जे दिसत नाही ते खालच्याने पाहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने ‘खाली या’ म्हटले, की वरच्याने वाद न घालता उतरायचे. कारण खाली आल्यावर विचारायचे.

हा नियम लिहायला सोपा, पाळायला अवघड आहे. आपल्या समाजात धाकट्याने थोरल्याला हुकूम करण्याची रीत नाही. प्रथम मास्तर शिडीवर होते आणि त्यांचाच एक विद्यार्थी खाली होता. छपराच्या एका कोपऱ्यातून धूर पिवळसर होऊन जोराने येऊ लागलेला त्या मुलाने पाहिला. तो चाचरत म्हणाला, “गुरुजी, खाली या.” मास्तर क्षणभर थांबले. मग निमूटपणे एकेक पायटा उतरत खाली आले. छप्पर त्या दिवशी पडले नाही, पण आमच्या मते त्या दिवशी आमचे मंडळ खऱ्या अर्थाने स्थापन झाले.

खोल विहीर ही उलटी उंचीच होय. आमच्या भागात विहिरीत उतरलेला एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा उतरतो आणि तिघेही परत येत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. विहिरीत डिझेल इंजिन चालले असेल तर विषारी वायू साचतो. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत प्राणवायूच कमी असतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल प्राणवायूची कमतरता दाखविते, पण इंजिनाच्या धुरातील विष दाखवीत नाही. दुसरा आणि तिसरा माणूस प्रेमापोटीच उतरतो. त्याचा हात धरून त्याला काठावर थांबविणारा कोणी असता तर एका घरातील दोन दिवे तरी राहिले असते. येथेही खरी कसोटी काठावर उभ्या असलेल्याचीच आहे.

जगात स्वेच्छेने अग्निशमन करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात १८५१ साली वाल्पाराइसो बंदरात स्वयंसेवकांचे पहिले दल उभे राहिले आणि आजही त्या देशातील अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. जपानमध्ये एडो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या शतकात नागरिकांची अग्निदले संघटित झाली. त्यांच्या स्मरणार्थ तेथे नववर्षाच्या समारंभात बांबूच्या शिडीवरील कसरती आजही होतात. शिडीच्या टोकावर एक जण तोल सांभाळीत असतो आणि ती शिडी कशालाही टेकविलेली नसते. सभोवती उभे असलेले साथीदार हाताने व लांब दांड्यांच्या आकड्यांनी तिला पेलून धरतात. प्रेक्षक टाळ्या वरच्याला देत असतील. आम्हांला मात्र ते आकडेच दिसतात.

आपल्या महाराष्ट्रानेही किंमत मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापसात धुमसलेली ती आग विझविताना स्फोट झाले आणि ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मृतीसाठी देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन व पुढे २० एप्रिलपर्यंत सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई असे चार अनुभवी अधिकारी गमावले. आयुष्यभर शिकलेल्यांवर ही वेळ येते, तर आठ दिवसांच्या उत्साहावर छपरावर धावणाऱ्यांनी किती सावध असावे! याउलट २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या दूरध्वनी कार्यालयाच्या नऊ मजली इमारतीला आग लागली, तेव्हा गच्चीवर अडकलेल्यांसह ८४ जणांना दलाने सुखरूप खाली आणले. शिडी, शिस्त आणि खालून चाललेले नियंत्रण एकत्र आले की काय घडते, याचे ते उदाहरण होय.

तरीही ‘न चढणे’ हे चढण्यापेक्षा कठीण आहे, हे नमूद केले पाहिजे. एका रात्री एका शेडला आग लागली. सिमेंटचे छप्पर, आत कापूस, बाहेर दोन गंज्या. मालक कळवळून म्हणाला, “चढा ना भाऊ, वरून पाणी टाका, सारं वाचते.” मिस्त्रीकाकांनी छपराकडे पाहिले आणि मान हलविली. आम्ही चढलो नाही. दोन गंज्यांमधील कापूस ओढून मोकळा पट्टा केला, वाऱ्याच्या बाजूची गंजी भिजविली आणि गाडीची वाट पाहिली. एक गंजी वाचली, शेडमधील माल गेला. गर्दीतून कोणी म्हणाले, “घाबरले लेकाचे.” त्या मालकाच्या घरी त्या वर्षी एका मुलीचे लग्न पुढे ढकलले गेले, हेही आम्हांला ठाऊक आहे. शेडचे छप्पर त्या रात्री पडले नाही. कदाचित कोणी चढला असता तर सुखरूप उतरलाही असता. तरीही आमचा निर्णय योग्य होता, असेच आम्ही आजही म्हणतो. कापूस पुढल्या हंगामात पुन्हा पिकतो, विम्याने अंशतः भरून निघतो. मुलाचे पाय कोणत्याही हंगामात परत येत नाहीत.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण असे, की आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना आगीशी झुंजण्याचा प्रसंग न येवो; परंतु उंचीशी त्यांचाही संबंध येतो. नाताळ जवळ आला की धर्मग्रामातील तरुण देवळाच्या मनोऱ्यावर तारा टांगायला चढतात. पावसाळ्यापूर्वी कौले व पत्रे नीट करायला घरचा कर्ता वर जातो. एखाद्या घरातून धूर निघाला की शेजारची मुले पहिली धावतात. त्यांच्या धैर्याचे आपण मनापासून कौतुक करावे, पण कौतुकापूर्वी खाली जाऊन शिडी धरावी. प्रत्येक धर्मग्रामाने, प्रत्येक गावाने एक चांगली शिडी, दोन मजबूत दोर व पूर्ण अंगाचा एक तरी पट्टा जवळ बाळगावा आणि अग्निशमन दलाच्या जाणत्या माणसाला बोलावून वर्षातून एकदा तरी सराव करावा. १०१ किंवा ११२ हा क्रमांक सर्वांत आधी फिरवावा, म्हणजे आपले शौर्य सुरू होईपर्यंत गाडी वाटेला लागलेली असेल.

आमच्या मंडळात आता नवी मुले येतात. पहिल्याच दिवशी त्यांना वर जायचे असते. आम्ही त्यांना वर्षभर खालीच ठेवतो. काही कंटाळून निघून जातात. जी राहतात त्यांना हळूहळू समजते, की शिडीला हात लावून उभे राहिले म्हणजे वरच्या माणसाचे प्रत्येक पाऊल तळहाताला कळते. तो कोठे थबकला, कोठे घाबरला, कोठे थकला, सारे त्या दोन खांबांतून खाली येते. असे वर्षभर ऐकलेल्या मुलालाच आम्ही पुढे वर पाठवितो.